डोक्यावरचं कोल्हं

"काय दिसतंय? खरं सांगा. नसंल दिसत तर नाय म्हना, मला राग येत नाय."

एवढं बोलून आमचे शेजारचे काका एक पाऊल मागे सरकायचे, हात पाठीमागे बांधायचे आणि मान जराशी वाकडी करून पाहुण्याच्या तोंडाकडे बघत राहायचे. पाहुणा दुर्बिणीत बघतोय आणि काका पाहुण्याला. शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीत, एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी मालाच्या शेवटच्या तपासणीवर काढली होती. तयार पार्ट त्यांच्या टेबलावरून गेल्याशिवाय खोक्यात पडायचा नाही. रिटायर झाल्यावर पार्ट कंपनीतच राहिले, तपासायची खोड मात्र त्यांच्याबरोबर घरी आली. मग करणार काय? त्यांनी माणसं तपासायला घेतली.

तुमच्याही गल्लीत असा एखादा नमुना असणारच. नसेल तर नीट बघा, कदाचित तुम्हीच असाल. आमचा नमुना संध्याकाळ झाली की गच्चीवर असायचा. माझ्या घराच्या पुढच्या खोलीत माझं ब्युटी पार्लर आहे, आणि आमच्या दोघांच्या गच्च्यांमध्ये कमरेएवढी भिंत. त्यामुळे कॉलनीच्या बातम्या मला खाली पार्लरमध्ये कळायच्या आणि आभाळाच्या बातम्या वर त्या भिंतीवरून.

दुर्बीण त्यांनी घरीच बनवली होती. आरसा तेवढा विकत आणला, ताटलीएवढा. बाकी जाडजूड पाईप, प्लायवूडचा खोका आणि खाली फिरता पाट. ती वर चढवली त्या दिवशी समोरच्या बंगल्यातले भाऊ खालून ओरडले, "काय काका, गच्चीवर बोअर घ्यायले का?"

"व्हय," काका वरून म्हणाले, "इथं पानी वरच्या बाजूनं लागतंय."

माझी पहिली परीक्षा त्याच आठवड्यात झाली. पार्लर बंद करून मी वर कपडे काढायला गेले होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून बोलावणं आलं. मी भिंतीवरून पाय टाकून गेले, डोळा लावला आणि सवयीनं म्हणाले, "अय्या, काय सुंदर!"

"काय सुंदर?"

"सगळंच हो! चांदण्या किती चमकतायत!"

"ताई," काका शांतपणे म्हणाले, "झाकण काढायचं ऱ्हायलंय अजून."

आता माझा काय दोष, तुम्हीच सांगा. माझा धंदाच मुळी "छान दिसतंय" म्हणण्याचा. सकाळपासून संध्याकाळपर्यंत मी हेच म्हणते, आणि ते ऐकूनच बायका परत येतात. पण काकांना त्या दोन शब्दांचं वावडं होतं. कंपनीतही म्हणे लोक पार्ट हातात न घेताच "चांगलाय, चांगलाय" म्हणायचे आणि मग गिऱ्हाइकाकडून खोकी परत यायची. त्यामुळे काकांनी सगळ्यांसाठी एक युक्ती काढली होती. ते दुर्बीण मुद्दाम रिकाम्या आभाळावर लावायचे आणि विचारायचे, "दिसला का तेजोमेघ?" अहो, काय सांगू! भाऊंना दिसला, भाऊंच्या मेव्हण्याला दिसला, गणपतीच्या वर्गणीला आलेल्या चौघांना तर रंगासकट दिसला. काका नुसतं खाली बघून पुटपुटायचे, "रिजेक्ट."

लोकांना हवा असायचा शनी. शनीची कडी बघायची, चंद्राचे खड्डे बघायचे आणि घरी जायचं. काका त्यातलं काही दाखवायचे नाहीत. "शनी कुनालाबी दिसतो," ते म्हणायचे, "त्याच्यात बघनाऱ्याचं काय कौतुक?" ते दाखवायचे जंबुक. म्हणजे कोल्हा. काका त्याला कोल्हंच म्हणायचे, आणि म्हणून कॉलनीत त्यांना कोल्हेकाका म्हणत. नवीन भाडेकरूंना ते त्यांचं आडनावच वाटायचं. काकांनी कधी दुरुस्त केलं नाही.

हे कोल्हं म्हणजे आभाळातला एक अगदी फाटका तुकडा. अभिजित, श्रवण आणि हंसाची शेपटी या तीन ठसठशीत चांदण्यांच्या मधोमध थोडी जागा उरते, तिथं ते बसलेलं असतं. बसलेलं असतं म्हणायचं. नुसत्या डोळ्यांना तिथं काही म्हणजे काही दिसत नाही. लई जोर लावला तर एकदोन अंधुक ठिपके.

"कोल्हं कुठंय?" मी विचारलं होतं.

"नाय."

"मग दाखवताय काय?"

"तेच. तिथं काय नाय म्हनूनच कुनाला तरी ते सुचलं." आणि मग ते त्यांची आवडती गोष्ट सांगायचे. साडेतीनशे वर्षांमागं, इकडं दख्खनमध्ये बादशाही फौजा किल्ल्यांच्या मागं धावत होत्या, तेव्हा तिकडं पोलंडमध्ये एक म्हातारा उरलेल्या चांदण्या गोळा करत बसला होता. जुन्या लोकांनी चांगल्या चांगल्या चांदण्यांची चित्रं आधीच काढून ठेवलेली. याच्या वाट्याला आलं हे चिंध्यांचं बोचकं. शेजारी गरुड होता, त्याच्याच जातीचं आणखी एक शिकारी पाखरू होतं. म्हातारा म्हणाला, एवढे खादाड जमलेच आहेत तर कोल्हाही असू दे. आणि त्याच्या तोंडात दिलं एक बदक.

"आता बदक कुठंय?" हे पण विचारायचं असायचं. न विचारलं तर काका थांबून राहायचे.

"नकाशातून काढलं. पुढचे लोक म्हन्ले, गर्दी व्हायली. कोल्हं ठिवलं, बदक गेलं. पन ताई, गंमत बघा. त्या कोल्ह्यातल्या एकाच चांदनीला सोताचं नाव हाय. आन् ते नाव बदकाचं!" एवढं सांगून ते एकटेच हसायचे. मला पहिल्यांदा त्यात हसण्यासारखं काय ते कळलं नाही. नंतर सासरच्या एका लग्नाला गेले, जिथं सगळी जागाजमीन दिरांनी गिळली होती आणि पत्रिकेत नाव मात्र माझ्या सासऱ्यांचं होतं, तेव्हा हॉलमध्येच मला हसू फुटलं.

हेच कोल्हं का, त्याला एक साधं कारणही होतं. आमच्या पूर्वेला शेंद्र्याच्या कंपन्यांचे दिवे, पश्चिमेला अख्खं शहर. क्रांती चौकाच्या बाजूचं आभाळ तर संध्याकाळी फोडणीच्या तेलासारखं पिवळं होतं. काळा उरलाय तो फक्त डोक्यावरचा तुकडा. आणि दसरा-दिवाळीच्या दिवसांत, अंधार पडल्या पडल्या, कोल्हं नेमकं तिथं असतं. मजा म्हणजे दुर्बीण सरळ वर उभी केली की डोळा मात्र पाईपाच्या बाजूला, आडवा लावायचा असतो. डोक्यावरचं बघायला लोक शेजाऱ्याच्या खिडकीत डोकावल्यासारखे उभे राहायचे.

त्या कोल्ह्यात बघण्यासारखं दोनच. एक हँगर. खराखुरा हँगर, कपडे अडकवायचा. सहा चांदण्या एका रेघेत आणि चार आकडीसारख्या वाकड्या. तो साध्या दुर्बिणीतून, म्हणजे दोन डोळ्यांच्या, छान दिसतो, फक्त उलटा. मला तो मनापासून आवडला, खोटं नाही. मी म्हणाले, "कशा गुण्यागोविंदानं राहिल्यात हो चांदण्या!"

"कशाच्या! एक इथं तर एक कुठल्या कुठं लांब. एकीचा दुसरीशी संबंध नाय. आपल्याला लांबून एका जागी दिसत्यात, एवढंच. आपल्या सोसायटीवानी."

दुसरा तो तेजोमेघ. डंबेल म्हणतात त्याला. एक तारा मरायला टेकला आणि अंगावरची वाकळ फेकावी तसं त्यानं आपलं वरचं आवरण चारी बाजूंनी फेकून दिलं, ते अजून पसरतंय. दिसायला पांढरट, धुरकट, "दोन्हीकडून खाल्लेल्या सफरचंदावानी", हे काकांचे शब्द. तिथून निघालेला उजेड आपल्यापर्यंत यायला हजारावर वर्षं लागतात. पण तो असा अंधुक की सरळ बघितलं तर विरून जातो. काका सांगायचे, "बाजूला बघा. त्याच्याकडं नका बघू, त्याच्या शेजाऱ्याकडं बघा. मग ते हळूच दिसतंय." मला हे तिसऱ्या वर्षी जमलं. जमलं तेव्हा मी "छान दिसतंय" म्हणाले नाही, कारण तोंडातून काही निघालंच नाही. काका म्हणाले, "हां. आता दिसलं तुमाला."

आणि जिला दिसावं म्हणून हा सगळा खटाटोप, तिला ते दिसत नव्हतं. काकूंना.

काकूंविषयी एक सांगते, म्हणजे बाकीचं सांगायला नको. यांचं लग्न खुलताबादच्या बाजूच्या गावात, भर दुपारी. सप्तपदी झाली, भटजींनी दोघांना मांडवाच्या बाहेर आणलं आणि उत्तरेकडं बोट करून म्हणाले, ती बघा अरुंधती. आता दुपारी बारा-एकला कसली आलीय अरुंधती! पण पद्धत आहे. भटजी म्हणतात दिसली का, नवरा-नवरी म्हणतात दिसली, नमस्कार करतात आणि जेवायला बसतात. तुम्ही-आम्ही सगळ्यांनी हेच केलंय. काकूंनी मुंडावळ्या बाजूला सारल्या, वर बघितलं, नीट बघितलं आणि म्हणाल्या, "नाय दिसत."

भटजींनी पुन्हा विचारलं. काकू पुन्हा म्हणाल्या, "नाय दिसत. ऊन हाय." सासूबाईंनी तिथंच कपाळाला हात लावला. मामा लोक समजूत घालायला पुढं आले. आणि काका? काका सांगायचे, "मी तवाच पास केली तिला."

अशी ही बाई. माझ्याकडं एकदाच भुवया करायला आल्या आणि आरशात बघून भरल्या पार्लरमध्ये म्हणाल्या, "एक वर झाली, एक खाली." झाली होती, पण म्हणायचं का असं?

तर दरवर्षी दिवाळीच्या आधी काका त्यांना हाताला धरून गच्चीवर आणायचे. दुर्बीण लावायचे. मागं सरकायचे. हात पाठीमागे. "काय दिसतंय? खरं सांग."

"नाय दिसत."

"बाजूला बघ ना जरा. तिरकं बघ."

"मी कामून तिरकं बघू? जे बघायचं ते सरळ बघीन, नायतर नाय." आणि खाली जायच्या. मी भिंतीआडून ऐकायची आणि हसू दाबायची. काका कधी चिडायचे नाहीत. पण एकदा मला म्हणाले, "ताई, सगळी दुनिया इथं येऊन 'दिसलं दिसलं' करून गेली. हिच्या तोंडून एकदा ऐकायचंय. ही म्हनंल तवा ते खरं." तेव्हा मला त्या माणसाची पहिल्यांदा दया आली.

मग काकूंना डोळ्यांचं सुरू झालं. आधी कुणाला कळलंच नाही. बोलताना त्या माझ्या तोंडाकडं बघायचं सोडून कानाकडं बघायला लागल्या. पार्लरमध्ये एकजण म्हणाली, "बघा कशी मिजास आलीय, नजरेला नजर देत नाय." मिजास कसली! डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर मधोमध डाग पडलाय. समोरचा माणूस बसलेला दिसतो, पण त्याचा चेहरा दिसत नाही. कडेकडेचं दिसतं, मधलं जातंय. आणि हे वाढणार. उरलेलं किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही.

काकांनी पाहुणे बंद केले. दुर्बिणीवर जुनी चादर टाकली. दसरा झाला, आभाळ लख्ख निवळलं, कोल्हं डोक्यावर आलं, आणि काका गच्चीवर नुसते फेऱ्या मारत राहिले. मला बघवेना. मी काकूंना दुपारी एकट्या गाठलं आणि म्हणाले, "काकू, म्हणून टाका ना एकदा, दिसलं म्हणून. त्यांना किती बरं वाटेल. तुमचं काय जातंय?"

काकू माझ्या कानाकडं बघत म्हणाल्या, "माझं काय जात नाय गं. त्यांचं जाईल."

तरी दोन दिवसांनी, दिवेलागण झाल्यावर, काकाच त्यांना वर घेऊन आले. एक पायरी, मग थांबायचं, मग दुसरी. मला भिंतीपलीकडून हाक मारली, खुर्ची धरायला. चादर काढली. काकांनी दुर्बीण लावायला नेहमीपेक्षा जास्त वेळ घेतला. स्वतः बघितलं, पुन्हा बघितलं, मग काकूंना खुर्चीवर बसवून त्यांचा डोळा भिंगाला लावला. मागं सरकले. हात पाठीमागे बांधले.

"काय दिसतंय? खरं सांग."

काकूंनी डोळा भिंगाला नीट टेकवला. खाली कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "दिसलं."

काका जागचे हलले नाहीत. "काय दिसलं?"

"तुमचं ते. पांढरट. धुरकट. दोन्हीकडून खाल्ल्यावानी."

देवा रे! हे तर काकांचंच वाक्य, सगळ्या कॉलनीला पाठ असलेलं. काकांचा चेहरा असा पडला की काय सांगू. ते माझ्याकडं वळले. "तुमी शिकवलं का हे?" माझ्या उत्तरासाठी ते थांबलेही नाहीत. मग ते काकूंना म्हणाले, "डोळे धड व्हते तवा कधी दिसलं नाय, आन् आता दिसायलंय व्हय? सगळ्या गावानं खोटं बोलावं, मला काय फरक पडत नाय. पन तू? तू कामून?" इतक्या वर्षांत मी त्यांना काकूंवर आवाज चढवताना ऐकलं नव्हतं.

काकूंनी भिंगावरचा डोळा काढला नाही. "गप बसा जरा," त्या म्हणाल्या, "ते सरकायलंय."

"काय सरकायलंय?"

"पांढरं. मधी व्हतं, आता कडंला चाललंय. माझ्याच्यानं धरून ठिवता येत नाय. चाललं... चाललं बघा. गेलं! घ्या. तुमच्या भांडनात गेलं."

काका पुढं झाले, काकूंच्या खांद्यावर हात ठेवून वाकले आणि भिंगात बघितलं. मीही त्यांच्यानंतर बघितलं. नुसत्या चांदण्या. तेजोमेघ नव्हता. आभाळ फिरत असतं ना! दुर्बिणीला मोटर नव्हती, तेव्हा कुठलीही गोष्ट मिनिटा-दीड मिनिटात सरकत सरकत बाहेर जाणारच. हात पाठीमागे बांधले तरी काका मधूनमधून पुढं होऊन सवयीनं पाईपाला बोटानं ढकलून जायचे, म्हणून आमच्यातल्या कुणालाच ते कधी कळलं नव्हतं. त्यांनी ते कुणाला सांगितलंही नव्हतं. त्या दिवशी भांडणाच्या नादात ढकलायचं राहिलं. सरकताना बघायला ते आधी दिसावं लागतं.

काका पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मग म्हणाले, "मी येडा. इतकी वर्सं बाजूला बघा, बाजूला बघा म्हनून बोंबलायलो. हिला सरळ दिसायचं बंद झालं आन् मला कळलं नाय." मधली नजर गेलेल्या काकूंना आता तिरकंच दिसत होतं. आणि तो तेजोमेघ, मी आधीच सांगितलं तुम्हाला, तिरकाच दिसतो.

"रडता कामून आता?" काकू म्हणाल्या. "चला खाली, गुडघे दुखायले माझे. आन् तुमचं ते सफरचंद नाय वाटत मला. चुलीतून निघालेल्या धुरावानी हाय."

त्या वर्षी कोल्हं मावळतीला कलंडेपर्यंत रोज संध्याकाळी काकू वर जायच्या. मी भिंतीआड बसून ऐकायची. काका हळूहळू पाईप ढकलत राहायचे आणि काकू सांगत राहायच्या, आज जास्त आहे, आज कमी आहे, आज डावीकडं एक नवीन ठिपका दिसतोय. काका हूं हूं करत ऐकायचे. भाऊ एकदा शनी बघायला आले तर काकांनी त्यांना जिन्यातूनच परत पाठवलं.

पुढच्या उन्हाळ्यात काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे त्यांच्या पुढच्या खोलीत बसलो होतो. काकू भिंतीला टेकून, कोरड्या डोळ्यांनी. आदल्या दिवसापासून त्यांच्या तोंडून शब्द नव्हता आणि डोळ्यांतून टिपूस नव्हतं, आणि बायका आपसात कुजबुजत होत्या की हे बरं नव्हे. भाऊंना वाटलं आपण काहीतरी बोलावं. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "काकू, मन घट्ट करा. काका कुठं गेले नाहीत. त्यांना आभाळाचा एवढा नाद! ते वर तारा झालेत, तिथून बघतायत तुमच्याकडं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बरं वाटण्यासारखंच बोलले होते. मीही डोलावली.

काकूंनी मान वळवली. भाऊंच्या चेहऱ्याकडं नाही, त्यांच्या शेजारच्या दाराच्या चौकटीकडं. त्यांना भाऊ तसेच दिसत होते.

"नाय, भाऊ," त्या म्हणाल्या. "वर मी सोता बघून आलेय. हे नाहीत तिथं. हे गेले."

आणि मग काकू रडायला लागल्या.